छोट्या कॉलेजनं डिव्हिजन वनमध्ये जावं का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मार्चमधल्या अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलवर गेल्या अंकात चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा पाऊसच पडला. बरीचशी पत्रं तिथं मुलं शिकतायत अशा आईवडिलांची, काही जुन्या विद्यार्थ्यांची, एक तर चक्क चिडलेल्या प्राध्यापकांचं, आणि फिरून फिरून विषय तोच की आमचं छोटं कॉलेज वरच्या डिव्हिजनमध्ये जायचं म्हणतंय, हे बरं की वाईट. म्हणून यावेळी अख्खा कॉलम त्यावरच.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी पटकन सांगते. कॉलेजांमधले खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेनं १९७३ साली कॉलेजांच्या तीन डिव्हिजन केल्या. वनमध्ये साडेतीनशेच्या वर कॉलेजं आहेत, टूमध्ये तीनशेच्या आसपास, आणि थ्रीमध्ये सगळ्यात जास्त, सव्वाचारशेच्या पुढे. वनमध्ये खेळाच्या जोरावर पूर्ण स्कॉलरशिप मिळू शकते, टूमध्ये बहुतेकांना थोडी थोडी वाटून मिळते, थ्रीमध्ये खेळासाठी एक डॉलरही मिळत नाही. फुटबॉलपुरते (म्हणजे अमेरिकन फुटबॉल, सॉकर नव्हे) वनचे परत दोन भाग, बड्यांचा एफबीएस आणि त्याखालचा एफसीएस. आणि महत्त्वाचं म्हणजे इथं जिंकून वर जाता येत नाही, युरोपातल्या सॉकर लीगसारखं प्रमोशन वगैरे काही नसतं. वरच्या डिव्हिजनमधल्या एखाद्या कॉन्फरन्सनं, म्हणजे आपसात मॅच खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटानं, बोलवावं लागतं, मग फी भरायची, मग काही वर्षं उमेदवारी करायची, त्या काळात राष्ट्रीय स्पर्धा बंद.

प्रश्न : माझी मुलगी पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या खाजगी कॉलेजात सॉकर खेळते, डिव्हिजन टू. विद्यार्थी जेमतेम दोन हजार. आता प्रेसिडेंटचं पत्र आलंय की डिव्हिजन वनच्या एका कॉन्फरन्सनं आम्हाला बोलावलंय. मुलगी खूश आहे, नवरा म्हणतो फी वाढणार. पुढच्या महिन्यात पालकांची मीटिंग आहे, तिथं नेमकं काय विचारू? – एक आई

नवऱ्याचं ऐका. पण मुलीचा आनंद लगेच विरजू नका, कारण तिच्यापुरता हिशोब वेगळा आहे, त्याच्याकडे नंतर येते.

आधी हे बघा की आमंत्रण का आलं. पत्रात अर्थातच असं लिहिलेलं असणार की आमच्या गुणवत्तेची दखल घेतली गेली, आणि ते अगदीच खोटं नसेलही, पण वरच्या मजल्यावर सध्या नुसती पळापळ चालू आहे. टीव्हीच्या पैशासाठी मोठ्या कॉन्फरन्स मधल्यांच्या टीम पळवतात, मग मधले खालच्यांच्या पळवतात, आणि सगळ्यात खाली जी भोकं पडतात ती बुजवायला डिव्हिजन टूचा दरवाजा वाजवला जातो. नॉर्थईस्ट कॉन्फरन्सचंच बघा ना. २०२२ मध्ये ब्रायंट आणि माउंट सेंट मेरीज निघून गेले, २०२३ मध्ये ब्रुकलिनच्या सेंट फ्रान्सिस कॉलेजनं तर सगळ्या टीमच बंद करून टाकल्या, २०२४ मध्ये मेरिमॅक आणि सेक्रेड हार्ट गेले. मग आत कोण आलं? २०२२ मध्ये स्टोनहिल, २०२३ मध्ये ले मॉइन, २०२४ मध्ये मर्सीहर्स्ट, २०२५ मध्ये न्यू हेवन, हे सगळे डिव्हिजन टूमधून. राष्ट्रीय स्पर्धेत कॉन्फरन्सच्या विजेत्याला जी थेट जागा मिळते ती टिकवायची तर ठरावीक संख्येत मेंबर लागतात, त्यामुळे गरज त्यांचीही असते. आणि गंमत बघा, मेरिमॅक स्वतः २०१९ मध्ये टूमधूनच वर आलेलं, पाच वर्षांत त्यानं दुसरी कॉन्फरन्स गाठली. म्हणजे ज्या शेजाऱ्यांच्या भरवशावर तुम्ही घर बदलताय तेच सामान बांधून बसलेले असू शकतात. म्हणून मीटिंगमधला पहिला प्रश्न हाच, की पाच वर्षांनी या कॉन्फरन्समध्ये कोण उरणार आहे आणि तेव्हा आपल्या टीम मॅचला बसनं जाणार की विमानानं.

आता पैसा. नुसती वनमध्ये जायची फीच दीड मिलियन डॉलरच्या पुढे आहे, पण खरं सांगायचं तर ती किरकोळ, कारण ती एकदाच भरायची असते आणि बहुतेक वेळा कुणीतरी श्रीमंत माजी विद्यार्थी देऊन टाकतो आणि फोटो काढून घेतो. दरवर्षीचं जे लागतं ते कुणी फोटोसाठी देत नाही. डिव्हिजन टूमध्ये दहा खेळ असले की चालतात, वनमध्ये किमान चौदा लागतात, आणि १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळे मुलं-मुलींचा समतोल ठेवावाच लागतो (ठेवायलाच पाहिजे, त्यात माझी काही तक्रार नाही). मग जास्त कोच, त्यांचे असिस्टंट, फिजिओ, खेळाडूंच्या अभ्यासाकडे बघणारे लोक, नियमांचे फॉर्म भरणारे लोक, हॉटेलं, विमानं. आणि कमाई? मोठ्या चार-पाच कॉन्फरन्स सोडल्या तर बाकी कुठल्याच कॉलेजचं खेळांचं उत्पन्न खर्चाला पुरत नाही, हे एनसीएएचे स्वतःचेच आकडे वर्षानुवर्षं सांगतायत. बड्यांमधलेही निम्म्याहून जास्त तोट्यातच असतात. खड्डा भरला जातो कॉलेजच्या जनरल बजेटमधून आणि विद्यार्थ्यांच्या फीमधून. तुमच्या कॉलेजसारख्या ठिकाणी जनरल बजेट म्हणजे तरी काय, मुख्यतः ट्युशन. म्हणजे केमिस्ट्री शिकणारा जो मुलगा आयुष्यात एक मॅच बघणार नाही तोसुद्धा वर्गणी भरतोय.

इथं प्रेसिडेंट एक युक्तिवाद करतील आणि तो अगदीच टाकाऊ नाहीये. ते म्हणतील की स्कॉलरशिप हा खरा खर्च नाहीच, वर्गात रिकामी असलेली खुर्ची एका खेळाडूला दिली तर आपलं काय गेलं. खुर्ची खरंच रिकामी असेल तर बरोबर आहे. पण नीट बघा, छोट्या कॉलेजांनी गेली कितीतरी वर्षं खेळ कशासाठी वाढवलेत? फी भरणारी मुलं आणण्यासाठी! टू किंवा थ्रीमधला खेळाडू बऱ्याचदा निम्म्याहून जास्त फी स्वतः भरतो, तो कॉलेजचा गिऱ्हाईक असतो, काही छोट्या कॉलेजांत तिसरा हिस्सा विद्यार्थी या ना त्या टीममध्ये असतात आणि त्या टीम नसत्या तर त्यातले अर्धे तिथं आलेच नसते. वनमध्ये गेल्यावर तोच खेळाडू फुकट शिकणार, वर त्याच्या प्रवासाचा आणि कोचचा खर्च. म्हणजे जो माणूस काल पैसे आणत होता तो आज पैसे नेतो. दुसरा प्रश्न म्हणून हाच विचारा की सध्या आपल्या खेळाडूंकडून निव्वळ ट्युशन किती येते आणि वर गेल्यानंतर चौथ्या वर्षी किती येईल. पहिल्या वर्षाचा आकडा ऐकू नका, पहिल्या वर्षी सगळं छानच दिसतं.

तिसरं, खेळाडूंनी पैशांसाठी एनसीएएविरुद्ध लढलेल्या खटल्यात २०२५ च्या जूनमध्ये कोर्टानं मंजूर केलेली ती मोठी तडजोड, हाउस सेटलमेंट म्हणतात तिला. जुन्या खेळाडूंना २.८ अब्ज डॉलर दहा वर्षांत द्यायचेत, आणि त्यातला बराचसा भाग एनसीएए डिव्हिजन वनच्या कॉलेजांना दरवर्षी जे वाटप करते त्यातून कापून घेतला जातोय, लहानांच्या वाट्यातूनसुद्धा. शिवाय बडी कॉलेजं आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षाची मर्यादाच साडेवीस मिलियनची. तुमचं कॉलेज ते देणार नाही, कुणी जबरदस्तीही करणार नाही, पण ज्या बाजारात तुम्ही उतरताय तिथले भाव हे आहेत. आज वर जाणं हे दहा वर्षांपूर्वी वर जाण्यासारखं राहिलेलंच नाही.

राहिली तुमची मुलगी. तिला विचारा की तिला मैदानात खेळायचंय की टीममध्ये असायचंय. वर गेल्यावर कोचवर निकाल दाखवायचं प्रेशर येतं आणि ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू बघणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी) बाहेरच्या तयार खेळाडू दोन दिवसांत मिळतात, मग हायस्कूलमधून आणलेल्या आपल्या मुलींना दोन वर्षं शिकवत कोण बसणार. तिची सध्या जी काही स्कॉलरशिप आहे ती पदवी होईपर्यंत राहील का, हे कोचकडून नव्हे, ॲथलेटिक डिरेक्टरकडून लेखी घ्या.

माझं मत विचाराल तर दोन हजार मुलांच्या, ट्युशनवर चालणाऱ्या कॉलेजनं हे करू नये. डोनेशनचा मोठा फंड आधीच बँकेत असेल आणि कॉन्फरन्स बसच्या अंतरावर असेल तर मी ऐकून घेईन, पण नुसतं "पैसे नंतर येतील" असं असेल तर नाही.

प्रश्न : तुम्ही नेहमी खर्चाचंच रडगाणं लावता. गोन्झागाचं काय? स्पोकेनमधलं एवढंसं कॉलेज, बास्केटबॉलमुळे आज सगळ्या देशाला माहितीये. आमच्या कॉलेजनं असं स्वप्न बघूच नये का? – एक माजी विद्यार्थी, मिनेसोटा

बघा की! पण गोन्झागाची गोष्ट पूर्ण बघा. एक तर ते वर "गेलेलं" कॉलेज नाही, १९९९ मध्ये ते शेवटच्या आठात पोचलं तेव्हा त्याला डिव्हिजन वनमध्ये चाळीसेक वर्षं झाली होती, आणि त्यातली बहुतेक वर्षं कुणी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हतं. मग मार्क फ्यू कोच झाले आणि ते तिथंच राहिले, मोठमोठ्या ठिकाणची बोलावणी येऊनसुद्धा. १९९९ नंतर सलग राष्ट्रीय स्पर्धेत, २०१७ आणि २०२१ मध्ये फायनल. त्यामुळे विद्यार्थी वाढले, इमारती झाल्या, हे सगळं खरंच आहे. पण साडेतीनशेतलं असं एक उदाहरण सगळे देतात याचं कारण दुसरं पटकन सापडत नाही.

जाहिरातीचा फायदा होतो का, तर होतो, त्याला फ्लूटी इफेक्ट असं नावच आहे. १९८४ मध्ये बॉस्टन कॉलेजच्या डग फ्लूटीनं मायामीविरुद्ध शेवटच्या क्षणी लांबलचक पास टाकून मॅच काढली आणि त्यानंतर कॉलेजकडे अर्ज वाढले, तेव्हापासूनचं ते नाव. पण २००९ मध्ये दोन अर्थतज्ज्ञांनी बऱ्याच वर्षांचा डेटा घेऊन तपासलं तर फुटबॉलमध्ये पहिल्या वीसात किंवा बास्केटबॉलमध्ये शेवटच्या सोळात आलेल्यांचे अर्ज साधारण २ ते ८ टक्के वाढलेले दिसले. पहिल्या वीसात, शेवटच्या सोळात! तुमच्या कॉलेजला नव्या कॉन्फरन्समध्ये पहिली चार-पाच वर्षं सातवा नंबर मिळाला तरी पेढे वाटावे लागतील.

तुमच्याच राज्यातलं सेंट थॉमस मात्र मला स्वतःला पटलेलं उदाहरण आहे, आणि ते सरळ थ्रीमधून वनमध्ये गेलं. त्याची कथा उलटी आहे, त्यांनी शिडी लावली नाही, त्यांना खालच्या खोलीतून बाहेर काढलं. २०१७ मध्ये त्यांच्या फुटबॉल टीमनं सेंट ओलाफला ९७-० असं धुतलं, मग २०१९ मध्ये कॉन्फरन्समधल्या बाकी कॉलेजांनी ठरवलं की तुम्ही आमच्यासाठी फारच मोठे आहात, आता निघा. २०२१ पासून ते समिट लीगमध्ये खेळतात. पण त्यांच्याकडे काय काय होतं ते मोजा, सहा हजारांच्या आसपास पदवीचे विद्यार्थी, मिनियापोलिस-सेंट पॉलसारखं शहर, एकाच दांपत्यानं नव्या अरीनासाठी दिलेले ७५ मिलियन डॉलर. आणि एवढं असूनही फुटबॉल त्यांनी पायोनियर लीगमध्ये ठेवला जिथं फुटबॉलची स्कॉलरशिप द्यावीच लागत नाही. हा शहाणपणा मला जास्त आवडला. आधी बस मिनेसोटाच्या बाहेर क्वचितच जायची, आता डेन्व्हर आणि ओक्लाहोमातलं टल्सा. तुमच्या कॉलेजकडे यातलं काय काय आहे हे तुम्हीच बघा, मला कॉलेजचं नाव कळवलंच नाहीत.

प्रश्न : उमेदवारीच्या काळात टीम जिंकली तर काय होतं?

काही नाही. खरंच काही नाही, म्हणूनच हा नियम मला बिनडोक वाटतो. २०२३ मध्ये मेरिमॅकनं नॉर्थईस्ट कॉन्फरन्सची फायनल फेअरली डिकिन्सनविरुद्ध ६७-६६ अशी एका पॉइंटनं जिंकली, आणि राष्ट्रीय स्पर्धेत गेली फेअरली डिकिन्सन, कारण मेरिमॅकचा चार वर्षांचा काळ संपलेला नव्हता. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहितीये, त्या हरलेल्या टीमनं आधी टेक्सस सदर्नला आणि मग पहिल्या मानांकित पर्ड्यूला ६३-५८ असं हरवलं. त्याच्या आदल्या वर्षी बेलरमाइननं आपल्या कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकली आणि तेही घरीच बसले. चार वर्षांची मुदत म्हणजे एका विद्यार्थ्याचं अख्खं कॉलेज आयुष्य, तो पहिल्या वर्षी आला तर शेवटच्या वर्षापर्यंत त्याला एकही मार्च, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धा, मिळायची नाही.

२०२५ च्या सुरुवातीला हे जरा सैल केलं, टूमधून येणाऱ्यांना तीन वर्षं आणि थ्रीमधून येणाऱ्यांना पाचाऐवजी चार, अर्थात काही अटी पाळल्या तर. सेंट थॉमसला याचाच फायदा झाला.

आणि जिंकून पुढे गेलात तरी एका मॅचचा वाटा साधारण दोन मिलियन डॉलर, तोही सहा वर्षांत तुकड्यानं आणि तोही कॉन्फरन्सला मिळतो, मग कॉन्फरन्स तो सगळ्यांत वाटते. कॉलेजच्या हातात दरवर्षी जे पडतं त्यात एक बरा असिस्टंट कोच येईल कदाचित.

प्रश्न : मी अमेरिकेत पस्तीस वर्षं शिकवलं, आता रिटायर झालो. माझं स्पष्ट मत आहे की कॉलेजात खेळांचं हे थोतांड पूर्णच बंद करावं. वर जायचं की खाली हा वादच मूर्खपणाचा आहे. – एक निवृत्त प्राध्यापक

सर, तुमचा राग समजतो. ज्या डिपार्टमेंटला प्रिंटरचा कागद मागायला तीन ईमेल करावे लागतात त्यांनी कोचचा पगार पेपरात वाचला की कुणाचंही डोकं फिरेल. पण बंद करा म्हणणं मला पटत नाही, आणि कारण भावनिक नाहीये, तुमच्या पगाराशीच संबंधित आहे. वर लिहिलं तसं, डिव्हिजन थ्रीचा खेळाडू फी भरून येतो. छोट्या कॉलेजनं खेळ बंद केले तर पहिल्या वर्षी खर्च वाचेल आणि दुसऱ्या वर्षी वर्ग रिकामे दिसतील. अमेरिकेत अठरा वर्षांची मुलंच आता कमी कमी होत जाणार आहेत, हायस्कूल पास होणाऱ्यांची संख्या २०२५ च्या आसपास शिखरावर पोचून उतरणीला लागेल असा अंदाज बरीच वर्षं सांगितला जातोय, कारण २००८ च्या मंदीनंतर जन्म कमी झाले. त्या भीतीनंच अर्धी कॉलेजं वर जायचं बघतायत.

मला विचाराल तर तुमच्यासारख्यांनी बंद करण्याऐवजी खाली उतरण्याच्या बाजूनं बोलावं. त्यात लाज वाटते लोकांना, आणि त्या लाजेपायीच पैसे जातात. हार्टफर्ड युनिव्हर्सिटी बघा. २०२१ मध्ये त्यांची बास्केटबॉल टीम इतिहासात पहिल्यांदा राष्ट्रीय स्पर्धेत गेली, बेलरशी हरली (त्या वर्षी बेलरच चॅम्पियन), आणि दोन महिन्यांच्या आत कॉलेजच्या बोर्डानं ठरवलं की आपण डिव्हिजन थ्रीमध्ये जायचं. केवढा गदारोळ झाला! खेळाडू, पालक, डोनर, सगळे तुटून पडले. पण कॉलेजनं मागवलेल्या अहवालात वर्षाला ९.२ मिलियन डॉलर वाचू शकतात असा हिशोब होता, आणि तो ज्या वर्षी टीम सगळ्यात यशस्वी झाली त्याच वर्षी मांडला गेला. म्हणजे ज्या दिवसाची सगळी कॉलेजं वाट बघतात तो दिवस उजाडला आणि तरीही गणित जमेना. २०२५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लोरेटोच्या सेंट फ्रान्सिस युनिव्हर्सिटीनं तेच केलं, टीम मार्चच्या स्पर्धेत खेळून आली आणि काही दिवसांतच घोषणा, २०२६ पासून आम्ही थ्रीमध्ये. लुइझियानाचं सेंटेनरी कॉलेज तर २०११ लाच उतरलं होतं. यातल्या कुणाचंही नाक कापलं गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

अर्थात खाली उतरलं की सगळं सुरळीत होतं असंही नाही, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच सांगते. अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेज २००० च्या दशकात वनमध्ये गेलं, २००६ मध्ये परवडत नाही म्हणून थ्रीमध्ये यायचं ठरवलं, आणि शेवटी ३१ मे २०२४ ला कॉलेजच बंद झालं. त्याच दिवशी त्यांची बेसबॉल टीम डिव्हिजन थ्रीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये मॅच खेळत होती. ते बुडण्याची कारणं वेगळी आणि बरीच जुनी होती, पण मुद्दा असा की डिव्हिजन बदलून कॉलेजचा मूळ आजार बरा होत नाही, वर गेलात तरी आणि खाली आलात तरी.

प्रश्न : फुटबॉलसाठी एफसीएसमधून एफबीएसमध्ये जाणं तरी फायद्याचं का? तिथं टीव्हीचा पैसा असतो ना?

असतो, पण तो सारखा वाटला जात नाही, बडे बहुतेक सगळा नेतात. जायची फी पूर्वी फक्त ५ हजार डॉलर होती, २०२३ मध्ये एकदम ५ मिलियन केली, यावरूनच कळतं की आत गर्दी नकोय. जेम्स मॅडिसन युनिव्हर्सिटी २०२२ मध्ये वर गेली आणि दुसऱ्याच वर्षी पहिल्या दहाच्या दहा मॅच जिंकली, हे यशाचं उदाहरणच आहे, पण तिथं वीस हजारांवर विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकजण खेळांसाठी वर्षाला दोन हजार डॉलरच्या पुढे फी भरतो. छोटं कॉलेज हे कुणाकडून वसूल करणार? उलट आयडाहो युनिव्हर्सिटी २०१८ मध्ये एफबीएसमधून स्वतःहून खाली आली.

एफसीएसमध्ये राहूनही मोठ्यांकडून पैसे मिळवता येतात, वर्षातून एकदा त्यांच्या मैदानावर जाऊन मार खायचा आणि चेक घेऊन यायचा. ॲपलाचियन स्टेट २००७ मध्ये असेच ४ लाख डॉलर घ्यायला मिशिगनला गेले आणि ३४-३२ नं जिंकून आले. चेक तर मिळालाच. ते पुढे २०१४ मध्ये एफबीएसमध्ये गेले, पण तेही काही छोटं कॉलेज नव्हे.

प्रश्न : आमचं कॉलेज थ्रीमध्येच राहणार, पण एकाच खेळात वर खेळता येतं असं ऐकलं. खरंय का?

खरंय, पण बहुतेक जुन्या परवानग्या आहेत, नव्यानं मिळवणं फार अवघड. जॉन्स हॉपकिन्स लॅक्रोसमध्ये वनला खेळतं आणि बाकी सगळं थ्री, कोलोरॅडो कॉलेजचं आइस हॉकी तसंच. सगळ्यात भारी उदाहरण न्यूयॉर्क राज्यातलं युनियन कॉलेज, दोन-सव्वादोन हजार विद्यार्थी, आणि २०१४ मध्ये त्यांनी पुरुषांच्या हॉकीच्या फायनलमध्ये मिनेसोटासारख्या धटिंगणाला ७-४ नं हरवून डिव्हिजन वनचं विजेतेपद घेतलं, तेही खेळाची स्कॉलरशिप न देता. एका खेळावर सगळा जीव लावायचा आणि बाकीची मुलं मजेत खेळवायची हा मार्ग खुला असता तर मी सगळ्या छोट्या कॉलेजांना तोच सुचवला असता. एनसीएएनं तो परत उघडावा असं माझं प्रामाणिक मत आहे, पण एनसीएए माझा कॉलम वाचत नाही.

प्रश्न : मी बारावीत आहे, टेनिस खेळतो. अमेरिकेतल्या दोन कॉलेजांनी रस दाखवलाय, एक डिव्हिजन थ्रीमधलं नावाजलेलं कॉलेज आणि एक नुकतंच टूमधून वनमध्ये गेलेलं. बाबा म्हणतात वन म्हणजे वन, त्यात विचार कसला. – एक विद्यार्थी

बाबांना सांग की सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीकडून खेळला आणि २००७, २००८ असा लागोपाठ दोनदा कॉलेजचा सिंगल्स चॅम्पियन झाला, ती डिव्हिजन वन वेगळी, आणि काल वर आलेल्या कॉलेजची वन वेगळी. पाटी एकच असली तरी आतलं सगळं वेगळं असतं.

स्कॉलरशिपचं नीट समजून घे. मुलांच्या टेनिसला वनमध्येसुद्धा वर्षानुवर्षं अख्ख्या टीमला मिळून साडेचार स्कॉलरशिपची मर्यादा होती, त्या आठ-दहा जणांत वाटायच्या. आता नियम बदललेत, हाउस सेटलमेंट स्वीकारलेल्या कॉलेजांना ती मर्यादा राहिलेली नाही, पण मर्यादा गेली म्हणून पैसे आले असं होत नाही, छोट्या कॉलेजात तर नाहीच. दुसऱ्या बाजूला थ्रीमध्ये खेळासाठी काही मिळत नसलं तरी तिथल्या साधारण ८० टक्के खेळाडूंना मार्कांवर किंवा घरच्या उत्पन्नावर काही ना काही मदत मिळते, फक्त परदेशी विद्यार्थ्यांना उत्पन्नावरची मदत सगळी कॉलेजं देत नाहीत, ते त्या कॉलेजला विचारून घे. म्हणजे दोन्हीकडून वर्षाचा एकूण खर्च किती पडतो तो आकडा शेजारी शेजारी लिही, डिव्हिजनचं नाव न लिहिता, आणि तो कागद बाबांना दाखव.

अजून एक, कुणीतरी तुला सांगेल की वनमध्ये एनआयएलचे, म्हणजे आपलं नाव आणि चेहरा वापरू देण्याचे, पैसे मिळतात, जाहिराती वगैरे. २०२१ पासून अमेरिकन मुलांना मिळतात हे खरं, पण तू एफ-१ व्हिसावर असणार आणि त्या व्हिसावर कामाचे नियम कडक असतात, त्यामुळे तिथं राहून जाहिरातीचं काम केलंस तर व्हिसाच धोक्यात येऊ शकतो. तो पैसा हिशोबात धरूच नकोस.

आणि नुकत्याच वर आलेल्या कॉलेजच्या कोचला तीन गोष्टी विचार. उमेदवारी कुठल्या वर्षी संपते, म्हणजे तुझ्या चारपैकी किती वर्षं टीमला राष्ट्रीय स्पर्धा बंद आहे. गेल्या वर्षी सिंगल्सच्या सहा जागांवर जे खेळले त्यातले किती पहिल्या वर्षाचे होते आणि किती पोर्टलमधून आलेले. आणि पुढे बजेट कमी झालं तर कुठले खेळ आधी कापले जातील, कारण पैसे आटले की टेनिस बऱ्याचदा पहिल्या यादीत असतं. कोच फोनवर गोड बोलेल, तू शांतपणे म्हण की हेच ईमेलवर पाठवाल का.